अपस्मारावरील शस्त्रक्रिया आणि रुग्णाची भाषा : इंदूरच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

अपस्मार हा शब्द मराठीने संस्कृतातून घेतला. त्याची फोड केली तर 'स्मृतीचे निघून जाणे' असा अर्थ हाती लागतो. चरकसंहितेतही या रोगाची ओळख स्मृती, बुद्धी आणि सत्त्व यांच्या बिघाडावरून करून दिलेली आहे. अरबी वैद्यकात याच रोगाला 'सरअ' म्हणतात. त्याचा मूळ धातू जमिनीवर पाडणे या अर्थाचा असून कुस्तीत प्रतिस्पर्ध्याला लोळवण्यासाठीही तोच वापरला जातो. युनानी ग्रंथांच्या द्वारे हा शब्द उर्दूत आला, मात्र उर्दूच्या रोजच्या बोलण्यात 'मिरगी'च राहिली. इंग्रजी नावाच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ 'पकडले जाणे'. मराठी घरांत फेपरे, आकडी, मिरगी आणि आता सर्रास 'फिट येणे' असे म्हटले जाते. एकाच रोगाकडे पाहताना अरबांना माणसाचे कोसळणे दिसले, ग्रीकांना त्याला पकडणारी अदृश्य शक्ती दिसली आणि आपल्याकडील वैद्यांना हरवणारी स्मृती दिसली.

यातील तिसरे निरीक्षण विसाव्या शतकात अनपेक्षित रीतीने महत्त्वाचे ठरले. मिरगीवर उपाय म्हणून मेंदूवर शस्त्रक्रिया करणाऱ्यांना स्मृती कोठे वसते याचा पत्ता लागला, आणि तोही एका रुग्णाची स्मृती कायमची गेल्यानंतर. वाचा, हालचाल, स्पर्श यांची मेंदूतील स्थानेही मोठ्या प्रमाणात याच मार्गाने उमगली. प्रस्तुत लेखात या संशोधनाचा इतिहास इंदूरसारख्या बहुभाषिक शहराच्या दृष्टीने पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

इंदूरच का, हा प्रश्न स्वाभाविक आहे. होळकरांच्या या राजधानीत मराठी दरबाराची व पेठांची भाषा होती, आसपासच्या मुलुखात माळवी बोलली जात होती आणि आजही जाते. हिंदी ही बाजाराची व शाळेची भाषा झाली. उर्दूची परंपरा इस्लामिया करीमिया महाविद्यालयासारख्या संस्थांनी जपली. शायर राहत इंदौरी (१९५०-२०२०) यांनी तेथे उर्दूचे अध्यापन केले होते. फाळणीनंतर सिंधी कुटुंबे आली. बोहरा समाजाची लिसानुद्दावत ही गुजरातीवर आधारलेली पण अरबी लिपीत लिहिली जाणारी भाषा आहे. अशा शहरात घरी एक भाषा, रस्त्यावर दुसरी, शाळेत तिसरी आणि मदरशात उजवीकडून डावीकडे वाचली जाणारी चौथी, असे असणे ही नवलाची गोष्ट नाही. अशा घरातील एखाद्या तरुणाच्या मेंदूच्या डाव्या भागावर शस्त्रक्रिया करण्याची वेळ आली, तर त्याची वाचा आणि स्मृती डॉक्टरांनी नेमक्या कोणत्या भाषेत तपासायची? या प्रश्नापर्यंत पोहोचण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

प्राचीन वैद्यक आणि लोकसमज

मिरगी हा मेंदूचा आजार आहे, हे ज्ञान आधुनिक नाही. इसवी सनापूर्वी सुमारे ४०० च्या सुमारास हिपोक्रेटिसच्या परंपरेतील एका ग्रंथाने या रोगाला 'पवित्र' म्हणण्यास हरकत घेतली आणि त्याचे मूळ मेंदूत असल्याचे सांगितले. इब्न सीना (९८०-१०३७) यांच्या 'अल-कानून फित्तिब' या ग्रंथात सरअचे विवेचन मेंदूच्या रोगांमध्येच येते. चरकाने वातज, पित्तज, कफज आणि सान्निपातिक असे चार प्रकार सांगून औषधोपचार दिले. तिन्ही परंपरांच्या श्रेष्ठ ग्रंथांनी रोगाला शारीरिक मानले असताना लोकव्यवहारात मात्र बाहेरची बाधा, चप्पल किंवा कांदा हुंगवणे, हातात लोखंड देणे हेच चालू राहिले. ग्रंथ आणि गल्ली यांच्यातील हे अंतर केवळ पूर्वेकडचे होते असे मानण्याचे कारण नाही. युरोपातही शतकानुशतके हेच चित्र होते.

आजच्या माहितीनुसार भारतात मिरगी असलेल्यांची संख्या एक कोटीहून अधिक मानली जाते. यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांचे झटके औषधांनी आटोक्यात येतात. उरलेल्यांचे येत नाहीत. योग्य निवडलेली आणि नीट घेतलेली दोन औषधे निष्फळ ठरली तर मिरगी औषधांना दाद न देणारी समजावी, अशी व्याख्या आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघाने २०१० साली केली. शस्त्रक्रियेचा विचार होतो तो या रुग्णांचा, आणि त्यांच्यापैकीही ज्यांचे झटके मेंदूच्या एका ठराविक जागेतून उठतात त्यांचा.

लंडनपासून माँट्रियलपर्यंत

झटका मेंदूच्या एका ठराविक जागेतून उठू शकतो, हे प्रथम नीट मांडले ते लंडनचे डॉक्टर जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी. काही रुग्णांचा झटका अंगठ्यापासून सुरू होऊन मनगट, कोपर, खांदा असा चढत जातो, हे त्यांनी बारकाईने पाहिले होते. शरीराचे अवयव मेंदूच्या पृष्ठभागावर काही क्रमाने मांडलेले असावेत, असा तर्क त्यावरून निघत होता. १८७० साली जर्मनीत फ्रिट्श आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूला सौम्य विद्युत्प्रवाह देऊन पाय हलवून दाखवला, तेव्हा या तर्काला पुरावा मिळाला.

प्राण्यावरून माणसावर येताना मात्र एक काळे पान लिहिले गेले. १८७४ साली अमेरिकेतील सिनसिनाटी येथे रॉबर्ट्स बार्थोलो या डॉक्टरने मेरी रॅफर्टी या गरीब मोलकरणीच्या मेंदूत सुया खुपसून विद्युत्प्रवाह दिला. कर्करोगाच्या जखमेमुळे तिची कवटी खुली झालेली होती. प्रवाह वाढवल्यावर तिला झटका आला आणि थोड्याच दिवसांत तिचा मृत्यू झाला. त्या काळीही वैद्यकीय जगताने बार्थोलोचा निषेध केला. मानवी मेंदूच्या नकाशाची पहिली रेघ अशी एका असहाय स्त्रीच्या डोक्यावर ओढली गेली, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते.

२५ मे १८८६ रोजी लंडनच्या क्वीन स्क्वेअर येथील रुग्णालयात व्हिक्टर हॉर्स्ले यांनी २२ वर्षांच्या एका स्कॉटिश तरुणावर शस्त्रक्रिया केली. लहानपणी कवटीला मार लागल्यानंतर त्याला झटके येऊ लागले होते. हॉर्स्ले यांनी मेंदूवरचा व्रण काढला. आधुनिक अपस्मार-शस्त्रक्रियेची सुरुवात सामान्यतः येथून धरली जाते.

पुढचा मोठा टप्पा कॅनडातील माँट्रियलचा. वाइल्डर पेनफिल्ड यांनी १९२८ साली जर्मनीत ओटफ्रिड फर्स्टर यांच्याकडे ही पद्धत जवळून पाहिली आणि १९३४ मध्ये माँट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट उभी केली. त्यांची पद्धत समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व प्रश्नांचे मूळ तीत आहे. मेंदूला स्वतःला वेदना होत नाहीत. वेदना होते ती कवटीवरच्या त्वचेला व मेंदूच्या आवरणाला. म्हणून केवळ तेवढा भाग बधिर करून, रुग्ण पूर्ण जागा असताना कवटी उघडली जाई. मग सर्जन मेंदूच्या पृष्ठभागावर एकेका ठिकाणी सौम्य विद्युत्स्पर्श करी आणि रुग्णाला काय होते ते विचारी. बोट हलले, जिभेवर मुंग्या आल्या, डोळ्यांपुढे प्रकाश चमकला, जे काही होईल ते टिपून घेतले जाई आणि त्या जागी आकडा लिहिलेली कागदाची छोटी चकती ठेवली जाई. वाचेची जागा शोधताना रुग्णाला चित्रे दाखवून नावे विचारीत. विद्युत्स्पर्श होताच नाव अडले, तर ती जागा राखून ठेवायची, कापायची नाही.

थोडक्यात, या शस्त्रक्रियेत रुग्णाचे बोलणे हेच सर्जनचे उपकरण होते. तो बोलला नाही, किंवा त्याचे बोलणे सर्जनला कळले नाही, तर नकाशाच तयार होत नसे.

पेनफिल्ड आणि बोल्ड्री यांनी १९३७ साली प्रसिद्ध केलेला, मोठे ओठ आणि मोठा अंगठा असलेला तो विचित्र मानवी आकार शिक्षकांनी मानसशास्त्राच्या पुस्तकात पाहिलेला असतोच. मात्र पेनफिल्ड यांच्या नावावर खपणारी दुसरी एक गोष्ट तपासून घेतली पाहिजे. काही रुग्णांना विद्युत्स्पर्शाने जुने प्रसंग आठवले, गाणी ऐकू आली. त्यावरून 'माणसाने अनुभवलेले सर्व काही मेंदूत ध्वनिफितीसारखे साठवलेले असते' असा समज पसरला आणि शिक्षक-प्रशिक्षणाच्या व्याख्यानांतही तो ऐकू येतो. प्रत्यक्षात पेनफिल्ड आणि पेरो यांच्या १९६३ च्या अहवालात, टेम्पोरल लोब म्हणजे कानशिलाच्या आतील भाग तपासलेल्या ५२० रुग्णांपैकी केवळ ४० जणांना असे अनुभव आले होते, आणि त्यांतील पुष्कळसे स्वप्नासारखे तुटक होते. एवढ्या पुराव्यावर ध्वनिफितीचा सिद्धान्त उभा राहत नाही.

भाषाशिक्षणाबाबतही हेच घडले. १९५९ साली पेनफिल्ड आणि रॉबर्ट्स यांनी वाचा व मेंदू यांवर ग्रंथ लिहिला. त्याच्या अखेरीस, सुमारे दहाव्या वर्षानंतर मेंदूची लवचीकता कमी होते, म्हणून दुसरी भाषा त्याआधी शिकवावी, असे मत मांडले आहे. लहान मुलांच्या मेंदूला इजा झाल्यास वाचा पुन्हा परत येते, मोठ्यांची सहजासहजी येत नाही, हे त्यांचे निरीक्षण खरे होते. पण गमावलेली वाचा परत मिळवणे आणि नवी भाषा शिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रौढ वयात उत्तम उर्दू, फारसी वा मराठी शिकलेल्या माणसांची आपल्याकडे उणीव नाही. शस्त्रक्रियागृहातील निरीक्षण वर्गात आणताना मधली पायरी गाळली गेली, असेच म्हणावे लागते.

हेन्री मोलेसन : हरवलेली स्मृती

१९५३ साली अमेरिकेतील हार्टफर्ड येथे विल्यम स्कोव्हिल या सर्जननी हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाच्या दोन्ही बाजूंच्या टेम्पोरल लोबचा आतील भाग काढला. हिप्पोकॅम्पस नावाचा अवयव त्यात येतो. मोलेसनचे झटके खूप कमी झाले. पण त्या दिवसानंतर त्याला नवी आठवण धरून ठेवता आली नाही. भेटलेला माणूस खोलीबाहेर जाऊन परत आला की त्याच्यासाठी नवा असे. त्याची बुद्धी शाबूत होती, बोलणे शाबूत होते, लहानपणच्या आठवणीही बऱ्याच होत्या.

ब्रेन्डा मिलनर या मानसशास्त्रज्ञ माँट्रियलहून त्याला तपासण्यास येत. १९५७ साली स्कोव्हिल आणि मिलनर यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याने स्मृतीसंबंधीच्या संशोधनाची दिशाच बदलली. पुढे मिलनर यांनी त्याला आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात स्पष्टपणे सुधारला, मात्र आपण हे पूर्वी कधी केले आहे, याची त्याला प्रत्येक वेळी गंधवार्ता नसे. माहिती लक्षात राहणे आणि कौशल्य हातात बसणे या दोन गोष्टी मेंदूत वेगळ्या आहेत, हे त्यावरून सिद्ध झाले. पाठांतर आणि सराव यांत फरक करणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला हे अनुभवाने ठाऊक असते. पुरावा मात्र एका माणसाच्या आयुष्यातून आला. मोलेसनचा मृत्यू २००८ साली झाला. तोवर जग त्याला केवळ 'एच. एम.' या आद्याक्षरांनी ओळखत होते.

या घटनेनंतर दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस काढण्याची शस्त्रक्रिया थांबली. एका बाजूची मात्र चालू राहिली, कारण दुसरी बाजू शाबूत असेल तर स्मृती तगते. पण दुसरी बाजू खरोखर शाबूत आहे, हे आधी कसे कळावे? येथे जपानी डॉक्टर जून वाडा यांची १९४९ सालची चाचणी उपयोगी पडली. मानेतील एका बाजूच्या रक्तवाहिनीतून औषध देऊन मेंदूचा अर्धा भाग काही मिनिटे झोपवायचा आणि तेवढ्यात उरलेल्या अर्ध्याची वाचा व स्मृती तपासायची. या चाचणीवरून रासमुसेन आणि मिलनर यांनी १९७७ साली दाखवले की उजव्या हाताने काम करणाऱ्या ९६ टक्के लोकांची वाचा डाव्या बाजूला असते, डावखुऱ्यांत मात्र हे प्रमाण ७० टक्के आहे. लहानपणी डाव्या मेंदूला इजा झालेल्यांत वाचा उजवीकडे सरकलेली आढळते.

ही चाचणी काही मिनिटांचीच असते. तेवढ्या वेळात विचारलेला प्रश्न रुग्णाला चटकन समजला पाहिजे. परकी भाषा चाचपडत बसण्यास तेथे सवड नाही.

वेल्लोर, १९५२

भारतात ही विद्या माँट्रियलमधूनच आली. केरळमध्ये जन्मलेले डॉ. जेकब चांडी (१९१०-२००७) यांनी पेनफिल्ड यांच्याकडे प्रशिक्षण घेतले आणि १९४९ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात देशातील पहिला मेंदू-शल्यविभाग सुरू केला. चेताविकारतज्ज्ञ डॉ. बलदेव सिंग यांची साथ त्यांना मिळाली. १९५१ साली चांडी, बलदेव सिंग, मद्रासचे बी. राममूर्ती आणि एस. टी. नरसिंहन या चौघांनी न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाची स्थापना केली. चार माणसांची एक अखिल भारतीय संस्था! त्या काळी या विषयाची देशातील व्याप्ती किती होती, हे यावरून लक्षात यावे.

ऑगस्ट १९५२ मध्ये चांडी यांनी १९ वर्षांच्या एका तरुणावर अपस्मारासाठी शस्त्रक्रिया केली. बालपणापासून त्याची उजवी बाजू लुळी होती आणि झटके औषधांना दाद देत नव्हते. ही भारतातील पहिली अपस्मार-शस्त्रक्रिया मानली जाते. माँट्रियलच्या संस्थेला तेव्हा अवघी अठरा वर्षे झाली होती. म्हणजे ज्ञान भारतात पोहोचायला उशीर झाला, असे म्हणता येत नाही.

उशीर झाला तो पुढे. त्यानंतरची चार दशके काही मोजक्या केंद्रांवर थोड्याथोडक्या शस्त्रक्रिया होत राहिल्या. आधुनिक पद्धतीने, म्हणजे एम.आर.आय., झटक्याचे चित्रीकरण आणि ई.ई.जी. एकत्र करून नियमित कार्यक्रम सुरू झाला तो १९९५ च्या सुमारास. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. के. राधाकृष्णन यांच्या नेतृत्वाखाली आणि दिल्लीच्या एम्समध्ये तो उभा राहिला. मुंबईत के.ई.एम.सारख्या महापालिकेच्या रुग्णालयातही आता ही सोय आहे.

शस्त्रक्रियेचा उपयोग होतो का, याची उत्तरे आता स्पष्ट आहेत. कॅनडातील २००१ च्या अभ्यासात ८० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. वर्षअखेर शस्त्रक्रियेच्या गटातील ५८ टक्के आणि केवळ औषधांच्या गटातील ८ टक्के रुग्ण शुद्ध हरपणाऱ्या झटक्यांपासून मुक्त होते. २०१७ साली एम्सच्या चमूने ११६ मुलांचा असाच अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात हे आकडे ७७ आणि ७ टक्के असे आले. बालरुग्णांच्या बाबतीत या दर्जाचा पुरावा भारतातून पुढे यावा, ही अभिमानाची बाब आहे.

तरीही रुग्ण पोहोचत नाहीत, आणि पोहोचतात ते अनेकदा झटके सुरू झाल्यानंतर वीस-वीस वर्षांनी. खर्च व अंतर ही कारणे आहेतच. लपवणे हे तिसरे. यात कायद्याचाही वाटा होता. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा या दोहोंत वारंवार येणाऱ्या मिरगीच्या झटक्यांचा उल्लेख वेडेपणाच्या शेजारी बसवला गेला. तो १९९९ च्या दुरुस्तीने निघाला. (१९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात वेडेपणाचा उल्लेख होता, मिरगीचा नव्हता; पण समाजाने कायदा वाचून मुली लपवल्या नव्हत्या, त्यामुळे प्रत्यक्षात फार फरक पडला असेल असे वाटत नाही.)

चौथे कारण भीतीचे आहे: 'मेंदूला हात लावला तर वाचा जाईल, वेड लागेल.' ही भीती अडाणीपणाची म्हणून झटकून टाकणे बरोबर नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यानुसार डाव्या टेम्पोरल लोबवर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे ४४ टक्के रुग्णांची शब्दस्मृती कमी होते, तर सुमारे एक-तृतीयांशांना वस्तूंची नावे आठवायला पूर्वीपेक्षा जड जाते. दुकानदाराला हे चालून जाईल. शिक्षकाला, वकिलाला, हाफिज होऊ पाहणाऱ्या मुलाला ते चालून जाईलच असे नाही. अनियंत्रित झटकेही स्मृती खातातच आणि प्रसंगी जीवही घेतात, म्हणून तराजूची दुसरी बाजूही तितकीच जड आहे. निर्णय रुग्णाने व कुटुंबाने करायचा. तो करण्यासाठी त्याच्या स्मृतीचे आणि वाचेचे खरे माप आधी मिळाले पाहिजे.

माप कोणत्या भाषेचे?

येथे इंदूरचा प्रश्न पुन्हा समोर येतो. १८७८ साली सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेपासून या शहरात आधुनिक वैद्यकाची परंपरा आहे. १९४८ साली महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. तेथे चेताविकारशास्त्राचे प्राध्यापक राहिलेले डॉ. अपूर्व पौराणिक यांनी मिरगी आणि वाचाघात या विषयांवर सामान्य वाचकांसाठी हिंदीतून सातत्याने लिहिले. रुग्णाच्या भाषेत रोग समजावून सांगणे हे त्या लेखनाचे वैशिष्ट्य. तपासणीची साधनेही तशीच रुग्णाच्या भाषेत हवीत.

जगभर वापरली जाणारी बोस्टन नामकरण चाचणी ६० चित्रांची आहे. तीत बीव्हर नावाचा प्राणी आहे, बर्फाचे घर आहे, प्रेट्झेल नावाचा पाव आहे, हार्प हे वाद्य आहे. छावणीतील किंवा राजवाड्याजवळील मुलाला प्रेट्झेलचे नाव सांगता आले नाही, तर त्यावरून त्याच्या टेम्पोरल लोबबद्दल काय कळणार? भारतात या दिशेने काम झालेले आहे. चंदीगडच्या पी.जी.आय.ने १९७० च्या दशकात हिंदीतून स्मृतिमापन श्रेणी तयार केली. बंगळूरच्या निम्हान्सने २००४ साली चेतामानसशास्त्रीय चाचण्यांचा संच प्रसिद्ध केला. पण एकाच डोक्यात चार भाषा आणि दोन लिप्या असतील, तर एका भाषेतील माप पुरे पडते का?

मेंदूच्या पृष्ठभागावरील पुरावा सांगतो की पुरे पडत नाही. सिॲटलचे जॉर्ज ओजेमन आणि हॅरी व्हिटेकर यांनी १९७८ साली दोन द्विभाषिक रुग्णांचा अभ्यास मांडला. विद्युत्स्पर्शाने काही जागी दोन्ही भाषांतील नावे अडत होती, पण काही जागी एकच भाषा अडत होती आणि दुसरी सुरळीत चालू होती. १९८९ साली ओजेमन यांच्या चमूने ११७ रुग्णांचे नकाशे एकत्र ठेवले, तेव्हा पाठ्यपुस्तकातील वाचेची ठराविक जागा प्रत्येक माणसात ठराविक नसल्याचे दिसून आले. म्हणजे इंग्रजीत वा हिंदीत चाचणी घेऊन सुरक्षित ठरवलेली जागा माळवी किंवा मराठीसाठी सुरक्षित असेलच, याची खात्री नाही. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण डॉक्टरांशी हिंदीत नीट बोलेल आणि घरी आईशी बोलताना अडखळेल, अशी शक्यता उरते.

लिपीचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. देवनागरीत स्वर मात्रांनी लिहिले जातात. उर्दूत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिले जात नाहीत. वाचणारा ते संदर्भाने भरतो. चैत्रा राव, ज्योत्स्ना वैद, नारायणन श्रीनिवासन व सहकाऱ्यांनी २०११ साली दोन्ही लिप्या जाणणाऱ्या वाचकांवर प्रयोग केले. बोलण्यात जवळजवळ एकच असलेली भाषा उर्दू लिपीत वाचताना अधिक वेळ लागतो, असे त्यांना आढळले. दोन्ही लिप्या शिकवणाऱ्यांना यात नवे काही वाटणार नाही. पण वाचनाच्या वेगावरून मेंदूची हानी मोजणाऱ्या तज्ज्ञाला हे ठाऊक नसेल, तर निरोगी उर्दू वाचक कागदावर रुग्ण ठरू शकतो.

अशा चाचणीसाठी लागणारी सामग्री रुग्णालयात तयार होत नाही. बारा-पंधरा शब्दांची यादी ऐकवून अर्ध्या तासाने पुन्हा विचारायची, एवढीच शब्दस्मृतीची चाचणी असली, तरी ती यादी बनवणे सोपे नसते. शब्द परिचित हवेत, लांबीने सारखे हवेत, एकमेकांची आठवण करून देणारे नकोत. इंदूरच्या मराठीत माळवी आणि हिंदीचे शब्द मिसळलेले आहेत. पुण्याच्या मराठीत केलेली यादी तेथील आजीला निम्मी परकी वाटेल. उर्दूत दोन लिंगे, मराठीत तीन. 'किताब' उर्दूत स्त्रीलिंगी तर 'पुस्तक' मराठीत नपुंसकलिंगी. दोन्ही भाषा बोलणाऱ्याकडून झालेली लिंगाची चूक सवयीची आहे की विकाराची, हे ठरवायला त्या घरातील बोली ऐकलेला माणूस लागतो. कोणता शब्द घराघरात जिवंत आहे आणि कोणता केवळ पाठ्यपुस्तकात उरला आहे, याची नोंद भाषेच्या शिक्षकाकडे असते. चेताविकारतज्ज्ञाकडे ती नसते, आणि त्याने ती कोणाकडून मागून घ्यावी याची व्यवस्था आजही बहुतेक ठिकाणी झालेली नाही.